ओक्लाहोमाचा शिरा

वृंदाताईंनी आमटीत मीठ घातलं नव्हतं. विसरल्या नव्हत्या, मुद्दामच घातलं नव्हतं. हरीशरावांच्या डाव्या हाताशी वाटी सरकवून त्या समोर बसल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हरीशरावांनी चमचाभर आमटी तोंडात घेतली, गिळली आणि पुन्हा चमचा बुडवला.

"कशी झालीय?"

"छान."

"मीठबीठ बरोबर आहे ना?"

हरीशरावांनी आधी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "हो."

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, सांगलीच्या घरात, भरल्या पंगतीत, "ही आमटी आहे की हात धुवायचं पाणी?" असं विचारणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांना असा राग आला होता की दोन दिवस अबोला धरला. आज त्याच रागासाठी त्यांचा जीव तळमळत होता.

गेल्या वर्षी हरीशरावांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. ओक्लाहोमातल्या टल्सा गावात तेलशुद्धीकरणाच्या यंत्रांत आयुष्य घालवलेले, तिथेच अमेरिकेचे नागरिक झालेले आणि नंतर चिबातल्या कारखान्यावर नेमणूक होऊन जपानात आलेले इंजिनियर. निवृत्तीनंतर दोघं टोकियोतल्या निशी-कसाईलाच राहिली, कारण इथे तूरडाळ मिळते, मराठी बोलायला माणसं भेटतात आणि एकुलती एक चारुता पलीकडेच ग्योतोकुला असते. झटक्यानंतर बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या मोरिता-सानच्या मेहनतीने थोडे शब्द परत आले. "हो" आला, "बरं" आला, "छान" आला. "नाही" काही आला नाही.

मोरिता-सान म्हणायच्या, घाई करू नका, शब्द आपापल्या वेळेने येतात. दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात तर हरीशरावांचं भारी कौतुक. देतील ते खातात, बसवतील तिथे बसतात, कुठली म्हणून तक्रार नाही. कौतुक करणाऱ्यांचा काय दोष? त्यांनी मूळचे हरीशराव कुठे पाहिले होते?

वृंदाताईंना मात्र एक शंका खात होती. शब्द येत नाही, हे एक वेळ मान्य. पण हा माणूस मानेनेही नकार देत नव्हता. अंघोळीचं पाणी कढत झालं तरी "बरं", न आवडणारा शर्ट चढवला तरी "छान". आणि दर वेळी आधी बायकोचा चेहरा वाचायचे. आपलं सगळंच हिच्या हातात आहे, ही रागावली तर आपलं कसं, असं काहीतरी त्या नजरेत असायचं. ते दिसलं की वृंदाताईंना रडू यायचं.

दुपारी चारुता आली ती अमेरिकेच्या निवडणुकीच्या मतपत्रिका छापूनच. कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, त्या रात्रंदिवस उघड्या दुकानात, छपाईचं यंत्र असतं. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं मत जिथे त्याचं शेवटचं घर होतं तिथेच मोजतात, म्हणजे या दोघांचं ओक्लाहोमात. आणि भरलेली पत्रिका फॅक्सने पाठवलेली तिथे चालते. फॅक्स जगातून उठला असेल, जपानातून अजून उठलेला नाही, त्यामुळे हे काम फार सोयीचं होतं.

"आई, तुझं एक तू भर आणि पाठव," चारुता चपला काढता काढता म्हणाली. "बाबांना कशाला त्रास? इट्स ओक्लाहोमा!"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ओक्लाहोमाने अध्यक्षपदासाठी निळ्या पक्षाला, म्हणजे डेमोक्रॅटांना, शेवटचा कौल दिला तो १९६४ साली. त्यानंतर दर वेळी लाल, रिपब्लिकन. २००४ पासून तर सत्याहत्तरच्या सत्याहत्तर काउंट्या लाल. हा सगळा इतिहास वृंदाताईंना पाठ होता, कारण दर चार वर्षांनी हरीशराव तो त्यांना ऐकवायचे.

हरीशराव पक्के लाल. वृंदाताई टल्साच्या एका सरकारी शाळेच्या ग्रंथालयात कामाला होत्या, पुस्तकांसाठी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या विनवण्या कराव्या लागायच्या, तेव्हापासून त्या पक्क्या निळ्या. मतदानाच्या दिवशी दोघं एकाच गाडीतून चर्चच्या हॉलमध्ये जायची, एकाच रांगेत उभी राहायची आणि एकमेकांचं मत पुसून घरी यायची. "पेट्रोल तरी वाचवू या, दोघंही घरीच बसू," असं एकदा वृंदाताई म्हणाल्या होत्या. त्यावर हरीशराव म्हणाले होते, "आणि तू मागच्या दाराने जाऊन देऊन आलीस म्हणजे?"

संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचं. मतदान संपल्याची वेळ होते न होते तोच ओक्लाहोमा लाल व्हायचा, आणि हरीशराव मांडीवर थाप मारायचे, "एकोणीसशे चौसष्ट, वृंदाबाई! एकोणीसशे चौसष्ट!" हरलेल्याने शिरा करायचा असं ठरलेलं होतं. त्यामुळे शिरा कायम वृंदाताईंनीच केला. एका वर्षी त्यांचा उमेदवार सगळा देश जिंकला, तेव्हा त्या टाळ्या पिटत उठल्या, तर हरीशराव शांतपणे म्हणाले, "देश जिंकलीस, ओक्लाहोमा नाही. शिरा तुझाच." आणि त्यांनी तो केलाही, रवा जरा जास्तच जोरात भाजत.

"त्रास कसला? त्यांचं मत आहे, ते देतील," वृंदाताई म्हणाल्या आणि टेबल पुसून त्यांनी मतपत्रिका नवऱ्यापुढे ठेवली. "अहो, हे बघा. नाव दाखवा, मी चौकोन काळा करते."

खालून प्रचाराची गाडी चालली होती. जपानातही निवडणूक तोंडावर होती आणि भोंग्यातून एक बाई स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा सांगत, कृपा असू द्या म्हणत होत्या. हरीशरावांनी गाडी दूर जाईपर्यंत वाट पाहिली. कागदावरची नावं त्यांनी सावकाश वाचली. मग मान वर करून त्यांनी वृंदाताईंकडे पाहिलं, आणि त्यांचं डावं बोट हळूहळू सरकत निळ्या पक्षाच्या नावावर येऊन थांबलं.

"ओ माय गॉड!" चारुता ओरडली. "आई, बाबा फिरले! फायनली! थांब, फोटो काढते."

वृंदाताई हसल्या नाहीत. आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडल्या, ते मत समोर पडलं होतं आणि ते त्यांना बघवत नव्हतं.

"हेच भरू?"

"हो."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही चुकत होतात?"

"हो."

वृंदाताईंनी पेन खाली ठेवलं.

"अगं भर ना," चारुता म्हणाली. "ते सांगतायत ना? आणि काहीही भरलं तरी काय फरक पडतो तिथे?"

"ओक्लाहोमाला पडत नसेल. मला पडतो."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याला टेकून जरा वेळ उभ्या राहिल्या. मग सकाळची उरलेली आमटी वाटीत घेऊन बाहेर आल्या आणि वाटी त्यांनी मतपत्रिकेच्या शेजारी ठेवली.

"तीन दिवस झाले, मी आमटीत मीठ घालत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही छान छान म्हणत ओरपताय. चव गेलेली नाही तुमची, डॉक्टरांनी सांगितलंय मला. मग मला का फसवताय?"

हरीशरावांनी वाटीकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे.

"आई, प्लीज..." चारुता पुढे झाली.

"तू थांब जरा, बाळा." वृंदाताई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, माझ्याविरुद्ध मत दिलंत म्हणून तुमची अंघोळ चुकणार नाहीये. इतकी वर्षं दिलंत, तेव्हा मी कधी डबा बंद केला होता का? भांडले, शिरा केला आणि झोपले तुमच्याच शेजारी. मी कुठेही जाणार नाहीये. पण तुम्ही असे माझ्या कलाने वागायला लागलात तर मी या घरात कुणाशी बोलू? मला हे मत नको. मला तुम्ही हवे आहात."

चारुताने हातातला फोन हळूच पालथा ठेवला. हरीशरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायलाही त्यांना अवघड जात होतं, पण वृंदाताईंनी या वेळी पुसलं नाही.

मग हरीशरावांनी डाव्या हाताने पेन उचललं. ते एकदा निसटलं, टेबलावरून घरंगळलं, चारुताने पकडून परत दिलं. वृंदाताईंनी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला. पेनाचं टोक निळ्या नावावरून खाली उतरलं, लाल नावाशी आलं आणि चौकोनात घुसलं. चौकोन काळा करायला त्यांना फार वेळ लागला. कपाळावर घाम आला, जीभ दातांत आली, पण हात काही त्यांनी उचलला नाही. झाल्यावर पेन टाकून त्यांनी त्याच हाताने आमटीची वाटी पार टेबलाच्या कडेपर्यंत ढकलून दिली.

वृंदाताई रडत रडत हसायला लागल्या. "नतद्रष्ट माणूस," त्या म्हणाल्या. "या वयात, या अवस्थेत, पुन्हा त्याच खड्ड्यात!" आणि त्यांनी पुढे होऊन नवऱ्याचं कपाळ पदराने पुसलं.

संध्याकाळी त्या हरीशरावांना चाकांच्या खुर्चीत बसवून कोनबिनीत घेऊन गेल्या. फॅक्सने पाठवायचं तर मत गुप्त ठेवण्याचा हक्क सोडतो म्हणून सही करावी लागते. वृंदाताईंनी केली, हरीशरावांनी डाव्या हाताने जमेल तशी केली. लपवण्यासारखं होतं काय दोघांत? यंत्राने आधी वृंदाताईंचं मत गिळलं, मग हरीशरावांचं. समुद्रापलीकडे जाऊन दोन्ही एकमेकांना खाऊन टाकणार होती. परत येताना वृंदाताईंना उगीचच हलकं वाटत होतं.

पण त्या एका दिवसाने सगळं बदललं असं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा "हो" आणि "बरं" सुरू झालं. एकदा त्यांनी नको असलेली भाजी ताटाबाहेर काढून ठेवली, तेवढीच काय ती प्रगती.

नोव्हेंबरमधल्या बुधवारी वृंदाताईंनी त्यांना केंद्रात पाठवलं नाही. दोघं टीव्हीसमोर बसली. इथले सकाळचे दहा वाजले आणि लगेच नकाशावर ओक्लाहोमा लाल झाला.

वृंदाताई वाट बघत राहिल्या. हरीशरावांचे ओठ हलले. डावा हात मांडीवर एकदा, हलकाच, आपटला. 'एकोणीसशे चौसष्ट'मधलं एक अक्षरही बाहेर आलं नाही.

"कळलं, कळलं," वृंदाताई म्हणाल्या. "करते शिरा."

त्यांनी तुपावर रवा भाजला, दूध घातलं, वेलची कुटली. साखरेच्या डब्यात चमचा घालताना त्यांना डॉक्टर आठवले.

"अहो," त्यांनी आतूनच विचारलं, "साखर बेताचीच घालते हं. चालेल ना?"

बाहेरून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग नुसताच "न" आला आणि अडला, पुन्हा आला आणि पुन्हा अडला. वृंदाताईंनी गॅस बारीक केला. साखरेचा चमचा हातात तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. रवा खाली लागायला लागला होता, पण त्यांनी तो हलवला नाही.

"नाही," हरीशराव म्हणाले.