आमिनियासीबाबाचा लाल ठिपका

"लाल झाला! ह्याचाही लाल झाला!"

बेटावरच्या वुनिदिलो गावातल्या नीरफणसाच्या झाडाखाली एकच गलका उठला. गर्दीच्या मधोमध चटईवर मांडी ठोकून बसला होता आमिनियासीबाबा. साथीमुळे बोटी बंद झाल्या, हा पाहुणा गावातच अडकला आणि आठवडाभरात पाहुण्याचा बाबा झाला. त्याच्या पुढ्यात ओल्या हळदीची वाटी होती. समोरच्याच्या तळहातावर तो हळदीचा ठिपका लावी, डोळे मिटून काहीतरी पुटपुटे, आणि ठिपका बघता बघता कुंकवासारखा लाल होई. सगळ्यांचा नाही हं! जे शाळेतल्या शिबिरात रक्त देऊन थेट इकडे आले होते, फक्त त्यांचाच.

"सुईनं भोक पडलं की तिथून साथ आत घुसते," बाबा डोळे फिरवत म्हणाला. "रक्त बिचारं घाबरतं. पळत सुटतं. पळून पळून जाणार कुठे? तळहातावर!"

"मग आता काय करू हो, बाबा?" मासेमार सेरू रडकुंडीला आला.

"माझं तेल लाव. भोक बुजेल. एका बाटलीला यांगोनाच्या मुळांची एक जुडी. मन मोठं असेल तर दोन."

ही मुळं कुटून केलेलं पेय झाडाखाली करवंटीतून फिरतच होतं; आणखी मुळं आणायला लोक घराकडे पळाले आणि जुड्या घेऊन परतले. शाळेकडे मात्र कुणी फिरकेना.

सालासेइनीबाई आपल्या तळहाताकडे बघत उभ्या होत्या. गावच्या शाळेतल्या शिक्षिका, सकाळी सगळ्यांत आधी रक्त देणाऱ्या. आणि त्यांचाही ठिपका लालभडक. क्षणभर त्यांनाही बाबाचं खरं वाटलं. पण त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. धाकटी बहीण मेरेओनी शहरातल्या इस्पितळात होती. उद्या तिचं बाळंतपण पोट उघडून करायचं होतं. रक्तस्राव होण्याची भीती होती, आणि साथीच्या धास्तीनं कुणी रक्त द्यायला येत नसल्यानं इस्पितळातला साठा संपत आला होता. म्हणून तर रक्तपेढीची गाडी गावोगाव हिंडत होती. दुपारी ती इथून निघणार होती, आणि शाळेतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"बाई, माझा बघा! माझाही लाल!"

चौथीतली उनाइसी हात नाचवत आली. बाबाचं लक्ष नसताना तिनं वाटीत बोट बुडवून स्वतःच ठिपका लावून घेतला होता.

"अगं, तू कधी रक्त दिलंस?"

"मला कुठे देऊ देतात? लहान आहे म्हणे. मी नळापाशी बसून सगळ्यांना साबण देत होते."

"आणि?"

"आणि मधून मधून फेस करत होते," उनाइसी जीभ चावून म्हणाली.

बाईंनी आपला तळहात नाकाशी नेला. कपडे धुण्याच्या साबणाचा वास! शिबिरात शिरताना प्रत्येकाला हात धुवायला लावत होते. पण शाळेच्या नळाला धार करंगळीएवढी, त्यामुळे जो तो हात अर्धवट विसळून आत जात होता.

"एपेलीकाका, जरा इकडे या," बाईंनी गावप्रमुखांना हाक मारली. "तुम्ही रक्त दिलंत?"

"छे! सुई बघूनच मला घेरी येते."

"हात पुढे करा." ठिपका लावला. पिवळा तो पिवळाच. "आता दुसरा हात साबणानं चोळा. उनाइसी, साबण आण."

काकांनी हात चोळला. ठिपका लावताच लाल!

"बाबाचं पुटपुटणं राहिलंच की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"प्रमुखांचं रक्त चंचल असतं..." बाबा घाईघाईनं म्हणाला.

"असेल हो. मग त्याला शांत करू." बाईंनी शेजारच्या घरातून लिंबू मागवलं आणि चिरून त्या ठिपक्यावर पिळलं. लाल पुन्हा पिवळा झाला. "हळदीला साबण भेटला की ती लाल होते, आणि लिंबू भेटलं की पुन्हा पिवळी. सदऱ्यावर रश्शाचा डाग पडला आणि साबण लावला की काय होतं, सेरू?"

"लाल होतो की! बायको रोज ओरडते."

"बाबा, आता तुमचा हात!" तो नको नको म्हणेपर्यंत उनाइसीनं ठिपका लावलासुद्धा. पिवळा.

"म्हणजे बाबांनी रक्तही दिलं नाही," एपेलीकाका गंभीरपणे म्हणाले, "आणि हातही धुतलेले नाहीत!"

हशा पिकला. सेरूनं आपली जुडी उचलून काखेत मारली. पाठोपाठ बाकीच्यांनीही.

"हसताय काय!" बाई म्हणाल्या. "ही साथ श्वासातून पसरते. सुई नवी असते, एकदाच वापरतात, मग नष्ट करतात. ताप-खोकला असलेल्याला दारातूनच परत पाठवतात. खुर्च्या लांब लांब, तोंडाला मास्क. आणि तुम्ही? सुईला घाबरून इथे मांडीला मांडी लावून बसलात, आणि यांगोनाची एकच करवंटी चाळीस तोंडांना लागली. धोका कुठे आहे, सांगा बरं?"

ज्याच्या हातात करवंटी होती, त्यानं ती हळूच खाली ठेवली.

"माझी मेरेओनी तुम्हा सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वाढली," बाई म्हणाल्या. "गाडी दुपारी जाईल. पुढचं तुम्ही ठरवा."

एपेलीकाका उठले. "घेरी आली तर धरशील ना गं?"

"धरीन. आणि आधी पोटभर खाऊन, पाणी पिऊन या. हे बाकी सगळ्यांनाच सांगते."

दुपारी शाळेच्या आवारात दोन दोन हात अंतर ठेवून रांग लागली. काकांना घेरी आली नाही. सरबत पिताना त्यांनी हेच तीन वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मेरेओनीला मुलगी झाली. दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. ते सेरूचं होतं की काकांचं की परगावच्या कुणाचं, ते कुणालाच ठाऊक नाही.

मुलांनो, चमत्कार दिसला तर जरूर बघा, टाळ्याही वाजवा. पण लगेच हात जोडू नका. आधी विचारा, माझ्या हातून हे होईल का? करून बघा. उनाइसीनं तेच केलं होतं.