साहेब येणार म्हणून बुजवलेला रस्ता

मी एक जुना ड्रम आहे. वाजवायचा नव्हे, डांबराचा. साखरखेर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ओढ्यावरच्या अर्धवट मोरीपाशी मी उभा असतो. पोटात दगड, अंगावर पांढरे-लाल पट्टे. इथे खणलेलं आहे, गाडी जपून चालवा, एवढंच मला सांगायचं असतं. मित्रांनो, आज त्याहून जरा जास्त सांगणार आ—

थांबा. ट्रक येतोय.

गेला. माझं बोलणं असंच मधे मधे तुटेल, सांभाळून घ्या.

मी पत्र्याचा. कारखान्यातून निघालो तेव्हा गोल आणि गुळगुळीत होतो. डांबर भरून मला इथे आणलं, खाली जाळ पेटवून रिकामं केलं. माझं डांबर पसरलं तेव्हा रस्ता काळाकुळकुळीत झाला. लोक चपला काढून त्यावर चालून पाहत होते. माझ्या आयुष्यातलं तेवढंच कौतुक. मग रस्ता उखडला. नवी मोरी बांधायची म्हणून जुनी फोडली. कंत्राटदार मशीन घेऊन गेला, तो गेलाच. मी राहिलो.

बाजूने काढलेल्या कच्च्या वाटेत एस.टी. फसू लागली, आणि सकाळची बस बंद झाली.

त्या बसने गोविंदाची मुलगी अर्पिता साखरखेर्ड्याला अकरावीला जायची. गोविंदा मिरची-वांगी लावतो. त्याची मोटारसायकल पहाटेच भाजी घेऊन दुसऱ्या बाजाराला जाते. मग अर्पिता कधी चालत जाई, कधी कुणाच्या ट्रॅक्टरवर. एकदा ती घसरून पडली, वह्यांसकट. त्या दिवशी गोविंदा माझ्यापाशी गाडी थांबवून म्हणाला, "दिवाळीपस्तोर बस सुरू झाली तं ठीक. नाही तं शाळा बंद, बाई. मले रोजचा घोर नको."

 अर्पिताने माझ्या अंगावर चिखलाचा हात पुसला.

गावाने रस्त्याच्या ऑफिसात तक्रारी केल्या. पुन्हा केल्या. आणि एकदाचा निरोप आला: तिथले साहेब स्वतः रस्ता पाहायला येणार!

मित्रांनो, मग गावाने काय करावं? आदल्या दिवशी गावातले मोठे शेतकरी रंगराव यांनी आपल्या ट्रॅक्टरने मुरूम आणला. माणसं फावडी-घमेली घेऊन आली आणि सगळे खड्डे बुजवले. कच्ची वाट सपाट केली. मलाही चुना-गेरू फासला. मी नवा दिसू लागलो, आणि खरं सांगतो, मला आनंद झा—

जीप. गेली.

आनंद झाला. अर्पिता मात्र धावत आली. "काका, खड्डे काऊन बुजवून राह्यले? साहेबाले खड्डेच तं दाखवायचे हायत ना!"

"अवो पोरी," रंगराव हसले, "पावना दारात येऊन राह्यला. त्याचं कंबरडं मोडू द्यायचं का? गावाची काही अब्रू हाय का नाही?"

"खड्ड्यात उभं राहून अब्रू सांगते बे हा," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. गोविंदाही हसला आणि घमेलं उचलून पुढे गेला.

साहेब आले. गाडी डुलली नाही, काचही खाली झाली नाही. माझ्यापाशी उतरून त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. "रस्ता तर बरा आहे की!"

"तुमची किरपा, साहेब," कुणीतरी सवयीने म्हणालं.

"साहेब, हे सगळं कालच—" अर्पिता पुढे झाली.

"चहा दे, बाई, साहेबाले. आधी चहा," असं म्हणत रंगरावांनी तिच्या हातात ट्रे दिला. ट्रेमध्ये कप काठोकाठ भरलेले होते. सांडू नयेत म्हणून ती खाली बघत राहिली. तेवढ्यात साहेबांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. "धोक्याची खूणही व्यवस्थित आहे." चहा झाला, गाडी गेली.

पुढच्या आठवड्यातल्या पावसाने मुरूम ओढ्यात नेला.

गोविंदा रस्त्याच्या ऑफिसात गेला. उत्तर मिळालं, पाहणी झाली, रस्ता चांगला आहे, दुरुस्तीची गरज नाही. तो डेपोत गेला. उत्तर मिळालं, रस्ता खराब आहे, बस येणार नाही. एकच रस्ता दुरुस्तीसाठी फार चांगला आणि बससाठी फार वाईट! रंगराव म्हणाले, "मी तं चांगल्यासाठीच केलं, गोविंदा." गोविंदा म्हणाला, "मले ठाऊक हाय, भाऊ. मीही घमेलं उचललंच होतं." त्यानंतर तक्रार द्यायला कुणी गेलं नाही.

दिवाळी झाली. आता अर्पिता आईबरोबर कपाशी वेचायला जाते. परवा लहान मुली माझ्यापाशी थांबून तिला विचारत होत्या, "ताई, बस कधी येते व?"

"काऊन पाह्यजे बस? रस्ता चांगला हाय म्हणतेत," ती म्हणाली. मुली हसल्या. ती हसली नाही.

आता माझा तळ गंजला आहे, दगड खालून निसटू लागले आहेत. मला रंग द्या, असं मी म्हणत नाही. मोरी पूर्ण होईल ही आशाही मी सोडली आहे. पण तुमच्या गावी कुणी साहेब आले, तर खड्डा आहे तसा राहू द्या. त्यांना त्यातून चालत न्या. आणि एखादी मुलगी खरं सांगायला पुढे आली, तर मित्रांनो, तिच्या हातात चहाचा ट्रे देऊ नका.