गाठींची माती

रिकामी पाटी बांधावर ठेवून भागीरथीने पदर पुढे ओढला. थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती. म्हणून कुंडलिक समोर उभा असूनही ती जावेलाच म्हणाली,

“तानीबाय, दादांना सांगा, पाटीभर माती हवी. उद्या वाल पेरायचाय.”

तानी हसली. “रोगाची माती ना ही? वाटणीला तुझाच नवरा म्हनला, मुळांना गाठी आल्यात, हे शेत दादालाच असू दे.”

भागीरथीची मान खाली गेली. तिच्या नवऱ्याने, देवरामने, आपणहून टोकावड्याच्या वाटेवरचा, नव्याने फोडलेला माळ घेतला होता. दोन हिवाळे तिथला वाल पिवळा पडून वाळला. यंदाही गेला, तर माळ गवताला सोडून तो भिवंडीला हमालीला जाणार होता. माघात शेतकी खात्याच्या माणसाने दोन्ही शेतांतली रोपे उपटून शेजारी धरली. गाठी रोगाच्या नव्हेत, तो म्हणाला. त्यांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि वालाला पोसतात. ते मातीतलेच, माळात मात्र अजून नाहीत. भावाच्या शेतातली माती आणून मिसळा. त्यानंतर नऊ महिने देवरामचे पाऊल या बांधाकडे वळले नव्हते.

“माती दिली की शेताचा कस जातो,” तानी आता हसत नव्हती. “मग आमी काय खावं?”

कुंडलिकने कुदळ उचलली. भागीरथीला वाटले, बांधाकडेची देईल. तो शेताच्या मधोमध गेला.

“अवो, तिथली कशाला?” तानी ओरडली.

“कडेची उन्हानं भाजलेली असते गो. तिच्यात जीव काय राहनार?”

पाटी भरून त्याने ती भागीरथीच्या डोक्यावर चढवली. मग दुसरी भरली, स्वतःच्या मुंडाशावर ठेवली आणि पुढे चालू लागला. तानी बघत राहिली. थांबा मात्र म्हणाली नाही.

वाटणीनंतर कुंडलिकने माळावर पाऊल टाकले नव्हते. त्याला येताना पाहून देवरामने नांगर थांबवला.

“कुठं टाकू रे?”

देवराम पुढे झाला. त्याने दोन्ही हातांनी पाटी खाली उतरवून घेतली. कुंडलिकच्या खांद्यावर थोडी माती सांडली होती. ती झटकायला कुंडलिकने हात उचलला.

“थांब, दादा.”

देवरामने बोटांच्या टोकांनी ती माती कणाकणाने टिपली आणि पाटीत ठेवली.