रांगेएवढा डाव

गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला आणि रुद्राणीच्या हातातला झाडू थांबला. भोंगा ऐकून बाकीच्या बाया हसत-भांडत धावायच्या. हिला मात्र पाण्याचंच भ्या. पाणी आलं म्हणजे घर सोडायचं, आणि घरात अप्पा एकटे.

अप्पा म्हणजे तिचे सासरे, महादेवप्पा. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उभी हयात आडत केलेले. हल्ली जेवून उठले की पुन्हा ताट मागायचे. भर दुपारी चपला घालून म्हणायचे, "मोंढ्यात जाऊन येतो." दुकान तर केव्हाच दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं. नवरा विरूपाक्ष लातूरला नोकरीला. तिथं त्या दुष्काळाच्या साली पाणी रेल्वेनं येत होतं, आणि तो स्वतः रविवारी आला तर आला.

रुद्राणीची आई मुखेडकडची. तीही अशीच एका दुपारी दार उघडं टाकून निघाली होती. सापडली ती कोरड्या ओढ्यात, संध्याकाळी. तेव्हापासून दळताना, झाडताना एक ओवी तिच्या ओठावर आपसूक येई आणि तिथंच थबके :

उन्हाळा उन्हाळला, पाणी गेलं तळाला
माय माझी हरवली, सांगू कोणत्या झाडाला

म्हणून अप्पांसाठी बुद्धिबळ. विरूपाक्षानं जुना कॉम्प्युटर घरी आणून त्यात खेळ घालून दिला होता. अप्पा डावाला बसले की हलत नसत. पण डाव रांगेएवढा टिकायला हवा. मशीन फार जोरदार ठेवलं तर अप्पा झटक्यात हरायचे आणि चिडून उठायचे. फार नरम ठेवलं तर झटक्यात जिंकायचे आणि तरीही उठायचे. दुधाखाली जाळ ठेवावा तशी ती सेटिंग ठेवायची. विचार करायचा वेळ थोडा वाढव, ताकद एका आकड्यानं उतरव. आठावर सुरू केलेलं मशीन उतरत उतरत एकावर आलं होतं. काल तर ती परतली तेव्हा अप्पा चपला घालून दारातच उभे होते. हल्ली चाल चुकल्यासारखं मशीनही सारखं 'ठँग ठँग' ओरडायचं. सोंगट्या कशा चालतात हेच अप्पा विसरले, असं तिला वाटायचं आणि ती आकडा आणखी उतरवायची.

अप्पांना दिसू नये म्हणून ती पडद्यासमोर आडवी उभी राहिली आणि एकाचं शून्य केलं.

"अप्पा, डाव मांडलाय. पांढरे तुमचे."

"ह्याला काही खाऊ घालतेस का न्हाई?"

"कोणाला?"

"ह्या डब्याला. लई मरगळून राहिलाय."

ती हसली. घागरी उचलून ती निघाली.

टँकरला 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असं कापड बांधलं होतं. शेजारची कोंडाबाई नंबराला पुढंच होती.

"जिल्हा झाला की नळाला पाणी यील म्हणं," कुणीतरी बोललं.

"पाणी न्हाई बाई," कोंडाबाई म्हणाली, "नळावर कलेक्टरची पाटी यील. का गं रुद्राणी, आजबी सासरा डब्याच्या हवाली? माझ्या सासऱ्यानं तर डबा विकून तंबाखू आणली असती!"

बाया खिदळल्या. रुद्राणीचे डोळे गल्लीच्या वळणावर होते. घागर भरेना, धार बारीक. वळणावरून नुसतं ऊन चालत येत होतं.

ती परतली तेव्हा दार उघडं होतं. खुर्ची रिकामी. पडद्यावर तांबडी चौकट : ही चाल चालत नाही. पांढरा राजा जागच्या जागी. दाराशी चपला नव्हत्या.

भरल्या घागरी उंबऱ्यावर तशाच टाकून ती पळाली. मोंढ्याच्या रस्त्यावर कुणी नाही. पानवाला म्हणाला, "इकडं आले न्हाईत, वहिनी." वस्तीमागच्या आटलेल्या विहिरीत तिनं डोकावून पाहिलं, तळाला नुसत्या भेगा. देवा, ओढ्याकडं नको. माझ्या नशिबात दोनदा ओढा नको.

विहिरीच्या अंगाला महादेवाचं देऊळ. तिथल्या लिंबाखाली दगडी पायरीवर कुणीतरी कधीकाळी बुद्धिबळाचा पट कोरलेला होता. चपला नीट कडेला काढून अप्पा तिथं बसले होते. पटावर चिंचोके आणि खडे.

"अप्पा!" तिला धड ओरडताही येईना.

"ये. बापानं मला हितंच शिकवलं." त्यांनी एक मोठा खडा उचलून अडीच घरं टाकला. "तुझा डबा राजाला ही चाल देईना. शह बसला नसंल तर राजा एकदा घोडा होतो. आमच्यात असंच हाय. डबा म्हणतोय न्हाई."

ती पटासमोर बसली. म्हणजे मशीन ओरडत होतं ते यासाठी! अप्पा चाल विसरले नव्हते. ते देशी डाव खेळत होते, बापाचा. आणि ती मात्र आकडा खाली खाली उतरवत गेली. तिला रडू आलं, पण सुटल्याचं.

अप्पांनी खड्याकडं पाहत म्हटलं, "पर नवी चालबी येत होती मला. विरूपाक्षाला मीच शिकवली. आता ती जाऊन राहिली. जुनी तेवढी उरली."

मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"आकडा किती खाली आणलास?"

"तुम्हाला कसं कळलं, अप्पा?"

"उभा जन्म तराजू धरला पोरी. काट्याला कुणी बोट लावलं तर कळतंय मला."

"मग का न्हाई बोललात?"

"तू भिऊन राहिलीस. मीबी भिऊन राहिलो. दोघांनी एकमेकाला सांगितलं असतं तर घरात भ्याच राहिलं असतं, माणसं न्हाई. सांग, किती?"

"शून्य."

"त्याच्या खाली?"

"त्याच्या खाली न्हाई, अप्पा."

मग राजाचा खडा त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. तो उन्हानं तापला होता. तिनं मूठ मिटली आणि म्हणाली, "मला शिकवा. राजा घोडा कसा होतो ते."

पुढच्या भोंग्याला तिनं कॉम्प्युटर लावलाच नाही. एका हातात घागरी, दुसऱ्या हातात अप्पांचं बोट. खडूनं गल्लीच्या फरशीवर पट आखला, टँकरच्या सावलीत.

"बया! डबा सोडून सासराच आणलास!" कोंडाबाई ओरडली आणि नंबरात घागर ठेवून समोर फतकल मारून बसली. "खेळा अप्पा. हारलात तर तुमची घागर माझी."

"घोडचाल धरून?"

"धरून. मला काय, मी टँकरवाल्याशीबी खेळते."

रांग पुढं सरकायची तशी रुद्राणी लांब जायची. मध्येच अप्पांची मान वर व्हायची. नजर एका बाईवरून दुसरीवर, तिसरीवर, कुठंच न थांबता फिरायची. रुद्राणी हात वर करायची.

नजर हातावर यायची. थोडी थबकायची. मग अप्पा मान हलवून पुन्हा पटाकडं वळायचे, आणि ती घागर पुढं ढकलायची.