कोकराऐवजी करडू

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी साचा आहे. लांब दोन दांडे आणि टोकाला एकमेकींवर बसणाऱ्या दोन सपाट ताटल्या, एवढाच माझा देह. पण माझा मान मोठा होता. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं मिशनचं चर्च आहे. तिथल्या मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद म्हणून जी पातळ पांढरी भाकर देतात, ती माझ्या पोटात भाजली जाई.

मला वरणगावच्या एका फिटरने घडवलं. आयुष्यभर त्याने कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या केल्या, आणि निवृत्तीनंतर मला केलं. ताटलीवर देवाचं कोकरू, म्हणजे येशूची खूण, कोर, असं जुन्या फादरांनी त्याला सांगितलं होतं. आता आपल्याकडे मेंढ्या किती आणि शेळ्या किती, तुम्हीच सांगा! बिचाऱ्याने रोज दिसायचं तेच कोरलं. शिंगं फुटलेलं, शेपूट वर केलेलं, चांगलं खोडकर करडू. फादर पोट धरून हसले. "न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे जातील आणि शेरडं डावीकडे, असं शास्त्रात आहे. आता देवाची पंचाईत झाली!" असं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं.

चुलीवर मला चर्चची कामं करणारी कस्तुराअक्का धरी. मीठ नाही, तेल नाही, नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी. पापडी निघाली की ती त्यातून गोल चकत्या कापी आणि उरलेली कात्रणं धर्मशिक्षणाच्या पोरांना वाटी. पण आधी पाठ म्हणायचा. सिस्टर विचारत, "देवाने तुला कशासाठी निर्माण केलं?" कात्रणांवर डोळा ठेवून पोरं ओरडत, "त्याला ओळखायला, त्याच्यावर प्रीती करायला, त्याची सेवा करायला!" मला वाटे, हा प्रश्न मलाही विचारलाय. सेवा तर मी दर शनिवारी पोळून घेऊन करत होतो.

काम झालं की अक्का मला पदराने पुसून आपल्या अहिराणीत म्हणे, "मनी बकरी! तुनाशिवाय मिस्सा व्हत नही." तिची बकरी म्हणून मी तिच्यावर विश्वास टाकला.

मग नवे फादर आले. त्यांनी एक भाकर उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "कस्तुराबाई, हे कोकरू आहे की बकरी?"

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या क्षणी तिच्या जिभेवर होतं. कोकरू म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? पण अक्का म्हणाली, "बकरीच शे फादर, पहिलेपासून." आणि वर हसलीसुद्धा. तिने केसाने गळा कापला माझा.

फादरांनी भाकर परत ठेवून दिली. पुढच्या शनिवारी अक्काने नेहमीप्रमाणे चूल पेटवली, पीठ कालवलं, मला तापत ठेवलं. तेवढ्यात सिस्टर कुरिअरचं खोकं घेऊन आल्या. आत मशीनवर केलेल्या एकसारख्या चकत्या होत्या आणि त्यांच्यावरचं कोकरू अगदी कोकरासारखं होतं. "अक्का, आता तुम्हाला चुलीचा त्रास नाही," सिस्टर हसून म्हणाल्या. अक्काने कालवलेलं पीठ कोंबड्यांना घातलं. मला तापलेल्या अवस्थेतच जमिनीवर ठेवून ती निघून गेली. त्या दिवशी तिने मला पुसलंही नाही.

आता कोठीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याच्याखाली लावतात. अंगावर गंज चढलाय. करडाचं एक शिंगही झिजून गेलं.

परवा अक्का कोठी झाडायला आली होती. बरोबर तिची नात उषा होती. उषाने मला पायाने सरकवलं आणि विचारलं, "आजी, तुनं काम गयं तं तुले वाईट नही वाटनं?"

"वाटनं. भू वाटनं. मी चुल्हा पेटाडीसन बसेल व्हतू, माले कोनी आगोदर सांगं नही." अक्काचा झाडू थांबला. "पन काम गयं ते गयं. देवले वळखनं, त्यानावर माया करनं, ते कोन लई जाई?"

ती बोलली ते खरंच आहे. माणसाला देवाने तीन कामं दिली. एक हिसकावलं तरी दोन उरतात, आणि त्या दोहोंच्या जोरावर अक्का दर रविवारी ताठ मानेने ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहते. पण मी पडलो लोखंड. मला एकच येत होतं, तापणं. तेही काढून घेतल्यावर माझ्यासारख्याने काय करायचं, हे त्या पाठात नव्हतं.

म्हणून एकच मागणं आहे. नवं आणा, खुशाल आणा. पण ज्याच्या हातून काम काढून घ्याल, मग ते माणूस असो की लोखंड, त्याला सांगा. चूल पेटायच्या आधी सांगा.