अडतीस वर्षांचा अनुभव

धाकटीनं नोकरी सोडली त्या दिवशी घरात कोणी रडलं नाही, हे तिच्या मनाला फार लागलं. तिनं दोन दिवस भाषणाची तयारी केली होती. आई "बरं" म्हणाली आणि कपडे घड्या करायला लागली. वडिलांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"म्हणजे आता घरी बसून चित्रं काढणार."

"ग्राफिक डिझाइन, बाबा. आणि वेबसाइट."

"तेच म्हणतोय मी."

वडील कपड्यांच्या कारखान्यात फिटर होते. दोनशे शिवणयंत्रं त्यांच्या हाताखालून जायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्यांनी घरातली सगळी दारं, नळ आणि आईचा संयम दुरुस्त करून पाहिला होता. ज्यात हात काळे होत नाहीत ते काम नव्हेच, असं त्यांचं साधंसोपं तत्त्वज्ञान होतं.

तरी त्यांनी मोठ्या मनानं सवलत दिली. "तीन महिने. तेवढ्यात एका तरी परक्या माणसानं आपण होऊन काम दिलं तर तू खरी. नात्यातलं, ओळखीचं चालायचं नाही. नाहीतर मुकाट्यानं साहेबांकडे परत."

साहेबही मनाचे मोठेच. त्यांनी राजीनामा घेतला, पण खुर्ची तीन महिने रिकामी ठेवतो म्हणाले. तेवढाच एक पगार वाचत होता. त्या खुर्चीत धाकटीनं आठ वर्षं काढली होती, आणि आठही वर्षं 'भव्य सूट' हे दोन शब्द लाल रंगात कुठे बसवायचे एवढंच केलं होतं. परत जाऊन पुन्हा तेच करायची तिची तयारी नव्हती.

पहिले अकरा दिवस स्वतःचा लोगो करण्यात गेले. गिऱ्हाईक म्हणून ती स्वतःला महात्रासदायक निघाली. बाराव्या दिवशी बातमी नातेवाइकांत पोचली. आत्याच्या दिरांना व्हिजिटिंग कार्ड हवं होतं, मावशीच्या नातवाला शाळेच्या प्रकल्पाचं मुखपृष्ठ. "तुला काय गं, दोन मिनिटांचं काम," असं प्रत्येक जण म्हणाला. त्या दोन-दोन मिनिटांचे मिळून तीन आठवडे झाले.

मग खरोखरीचे परके असे एक दातांचे डॉक्टर आले. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. डॉक्टरांची मागणी सरळ होती. वेबसाइटवर दात दिसायला नकोत, लोक घाबरतात; पण दवाखाना दातांचा आहे हे तर एका नजरेत कळलं पाहिजे. धाकटीनं चौदा नमुने केले. चौदावा त्यांना फार आवडला. इतका आवडला, की तो त्यांनी भाच्याला दाखवला आणि भाच्यानं तसाच घरी करून दिला.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," आई म्हणाली. वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात आणखी एक दिवस खोडला, आणि ते जास्त झोंबलं.

या धंद्यात एक गंमत आहे. काम मिळवायला आधी केलेलं काम दाखवावं लागतं, आणि काम तर मिळालेलंच नसतं. मग लोक काल्पनिक दुकानं काढतात आणि त्यांच्या वेबसाइट करून नमुना म्हणून नेटवर लावतात. धाकटीनंही तीन दुकानं काढली. एक बेकरी, एक पुस्तकांचं दुकान आणि एक शिवणयंत्र दुरुस्तीचं. तिसऱ्यासाठी फोटो घरातच मिळाले. वडील आईचं मशीन उघडून बसले असताना तिनं गुपचूप त्यांच्या हातांचे फोटो काढले. नुसते हात, पाना आणि तेलाची बाटली. त्याखाली तिनं ऐटीत लिहिलं: 'चाळीस वर्षांचा अनुभव. त्याच दिवशी दुरुस्ती. फोन करा, आम्ही येतो.'

नंबरापाशी मात्र ती अडली. नऊ-नऊ-नऊ टाकलं की खोटं दिसत होतं. मनानं रचलेले नंबर तिनं निवडलेल्या अक्षरवळणात बेढब वाटत होते, एक आणि सात शेजारी आले की मध्ये भगदाड पडायचं. घरच्या जुन्या फोनचा नंबर मात्र सगळा सहा, आठ आणि शून्यांचा. गोल गरगरीत आकडे कसे एका रांगेत बसले! शहाण्या माणसाला शंका आली असती, की हा नंबर खरा आहे. डिझायनरला एवढंच दिसलं, की तो सुंदर आहे. तसाही त्यावर हल्ली कुणाचा फोन येत नसे, तो घरात शोभेलाच होता.

तिसरा महिना सुरू झाला. दुपारी घरात वडील दिसेनासे झाले. विचारलं तर "पाय मोकळे करायला जातो" म्हणत, पण हातात पिशवी असे आणि पिशवीत काहीतरी खुळखुळे. मागच्या गॅलरीत चादरी पांघरून काहीतरी उभं राहिलं, एकाचे दोन झाले, दोनाचे चार. धाकटीनं लक्ष दिलं नाही. ती नोकरीवर परत जाताना साहेबांना काय तोंड दाखवायचं याची तालीम करत होती.

शेवटच्या आठवड्यात दारावर एक टेलरबाई उभी राहिली.

"मशीनवाले काका आहेत का? काल दिलेलं झालं असेल. त्याच दिवशी देतात म्हणून लिहिलंय."

"कुठे लिहिलंय?"

बाईंनी मोबाइल पुढे केला. धाकटीनं आपलीच वेबसाइट पाहिली. खाली घरचा नंबर गोल गरगरीत चमकत होता.

तेवढ्यात वडील गॅलरीतून आले, कोपरापर्यंत काळे. बाईंना मशीन दिलं, चालवून दाखवलं. बाई जाता जाता म्हणाल्या, "काका, वेबसाइट कुणी केली हो? मलाही करायचीय."

"आहेत एक बाई," वडील म्हणाले. "पण आधी आमचं काम. तुमचा नंबर त्यानंतर."

दार लागलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. "बाबा, मी... तो नुसता नमुना होता."

"पहिल्या दोघांना मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. तिसरा म्हणाला, फोटोतले अंगठ्यावर व्रण असलेले काका तुम्हीच ना? मग आईच्या मोबाइलवर पाहिलं." त्यांनी फडक्याला हात पुसले. "हात बरे काढलेस. मला वाटलं होतं, आता ते कुणाच्या कामाचे नाहीत."

धाकटीला रडू आलं. लपवायला ती आपल्या खोलीत जाऊन स्क्रीनकडे पाहत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. वडील इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, हातात वहीचा कागद.

"मॅडम, येऊ का?"

"बाबा, हे काय?"

"बाबा नाही. अट परक्या माणसाची आहे. बापानं तुम्हाला काम दिलं असतं का? नसतं. म्हणजे मी परकाच." ते खुर्चीत बसले आणि कागद उलगडला. "एक. चाळीस नाही, अडतीस वर्षं. खोटं कशाला? दोन. त्याच दिवशी दुरुस्ती हे कुठल्या गाढवानं लिहिलंय? आठवडा लिहा, माझी कंबर धरलीय. तीन. लोगो मोठा करा."

"अहो, तो आहे तेवढाच बरा दिसतो. भोवती मोकळी जागा लागते."

"मोकळ्या जागेत काय शेती करायचीय? मोठा करा."

आठ वर्षं ज्या 'मोठा करा'वाल्या गिऱ्हाइकांनी तिचे केस पिकवले, त्यांतलंच एक आता घरात निघालं होतं. तीन दिवस वाद चालला. तिनं अडतीस केलं, आठवडा केला, लोगोला मात्र हात लावला नाही. वडील रोज दहाला टकटक करायचे आणि "मॅडम, झाला का मोठा?" म्हणून विचारायचे.

शेवटच्या तारखेला हॉलमधला फोन वाजला. धाकटीनं खोलीतून ऐकलं.

"शिवणयंत्र दुरुस्ती, बोला." मग सूर बदलला. "हो हो, नमस्कार साहेब. तिचाच बाप बोलतोय. खुर्ची? अजून ठेवलीय? फार उपकार."

धाकटीनं दाराला कान लावला. अट वडिलांची होती, आणि ती पुरी झाली की नाही हे सांगणारे तेच होते.

"नाही हो, ती मोकळी नाही. आमचं काम आहे तिच्याकडे. आमच्यानंतर टेलरबाईंचं. कधी संपेल ते कसं सांगू? बाई हट्टी आहेत, पण कामाला चोख. ती खुर्ची तुम्ही देऊन टाका कुणालातरी." फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आमचा तर अजून लोगोच मोठा व्हायचाय."

खोलीत धाकटीनं डोळे पुसले, माउस हातात घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन लोगो मोठा केला.