नववी आवृत्ती

नवव्यांदा कोडातला तोच बदल मास्तरांच्या पडद्यावर येऊन बसला, आणि या खेपेला त्यात काढायला एकही खुसपट उरलं नव्हतं. नावं त्यांनी सांगितली तशी होती, मोकळ्या जागा सरळ होत्या, एका मोठ्या बदलाचे पाच भाग करायला लावले होते तेही झाले होते. खाली तो बदल लिहिणाऱ्या मुलीची नेहमीची ओळ होती, 'सगळ्या सूचना घेतल्या आहेत, पुन्हा एकदा बघाल का?' ही नम्रता मास्तरांच्या डोळ्यांत सर्वांत जास्त खुपायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एका मोठ्या संगणकाच्या पोटात चाळीस खोटे संगणक चालवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते ही कंपनी करत होती आणि त्यातला मेमरीचा भाग मास्तर एकोणीस वर्षं सांभाळत होते. काम घरमालकाचं. इमारत एक, भाडेकरू चाळीस, आणि प्रत्येकाला सांगून ठेवलेलं की सगळी इमारत तुझीच. मग ज्याची खोली वापरात नसेल ती त्याला कळू न देता काढून दुसऱ्याला द्यायची. ही काढून घेण्याची युक्ती मास्तरांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः लिहिली होती. पुढे इतर लोक लिहायचे आणि ते तपासायचे. त्यांच्या मंजुरीवाचून त्या भागात एक स्वल्पविरामही आत जात नसे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

आणि आता ही आली होती. येऊन पुरते आठ महिने झाले नाहीत, सगळे तिला अजून 'नवी' म्हणत, आणि तिने ती युक्तीच मोडीत काढली होती. चारशे ओळींच्या जागी दीडशे, आणि काम दुप्पट वेगानं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मास्तर मनात म्हणत. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण ती खरंच तिखट होती. पहिली आवृत्ती वाचली त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं. हे मला का सुचलं नाही, एवढा एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखायला लागलं, आणि त्यावर औषध म्हणून ते शेरे लिहीत होते.

घरात बायकोनं दीड महिना हे पुराण ऐकलं. ती शिवणकाम शिकवायची. आज सकाळी तिने सरळ विचारलं, की त्या मुलीचं नेमकं चुकतंय काय? मास्तर दहा मिनिटं बोलले. कुठल्याशा नावाचा अर्थ कसा संदिग्ध आहे, इथपर्यंत आले तेव्हा ती चपला घालत होती.

"म्हणजे चुकत काही नाही," ती म्हणाली, आणि कामाला निघून गेली.

ऑफिसात प्रमुख येऊन टेबलाशी उभा राहिला. एकेकाळी मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे त्याला रागावताही येत नव्हतं. सहा आठवडे झाले, आता आज काय तो निकाल लावा, एवढंच तो म्हणाला. लोक बोलायला लागले आहेत हेही त्याने सांगितलं, पण काय बोलतात ते सांगायचं टाळलं. मास्तर म्हणाले, पाचपर्यंत कळवतो.

मग त्यांनी कागद-पेन्सिल घेतली आणि बदल ओळीओळीनं वाचायला बसले. बारीकसारीक काही नको होतं आता. मोठी चूक हवी होती, अशी की तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

बाराच्या सुमाराला ती सापडली. पाचव्या भागात, अगदी शेवटी. खोली नव्या भाडेकरूला आधी दिली जात होती आणि जुन्याची किल्ली नंतर काढून घेतली जात होती. एरवी काही बिघडत नसे. पण एखादा प्रोसेसर नेमका त्याच क्षणी झोपेतून जागा झाला, तर डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ जुन्याला नव्याच्या खोलीत शिरता येत होतं. एका गिऱ्हाइकाच्या मेमरीत दुसऱ्याचा मजकूर. यापेक्षा मोठी चूक या धंद्यात नाही.

मास्तरांना इतका आनंद झाला की ते उठून कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारून आले. परत येऊन शेरा लिहायला घेतला, चांगला झणझणीत. या दोन ओळी तिने कुठून आणल्या ते बघावं म्हणून जुना कोड उघडला, तर दोन्ही ओळी तिथे होत्या. त्यांच्याच. तिने जशाच्या तशा उचलून नव्या जागी ठेवल्या होत्या, वरच्या त्यांच्या सूचनेसकट. सूचना अशी होती, 'हा क्रम बदलू नये.'

त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग हळूहळू त्यांना दुसरी गोष्ट दिसली. या कोडात प्रत्येक ओळीवर, तिला शेवटचा हात कोणी लावला त्याचं नाव असतं. हा बदल आत गेला की मास्तरांची फाइल पुसली जाणार आणि त्या दोन ओळी तिच्या नावावर चढणार. वर्षानं म्हणा, तीन वर्षांनी म्हणा, कुठेतरी घोटाळा झाला की लोक शोधत येतील आणि तिच्या नावाशी थांबतील. मास्तरांनी फक्त 'मंजूर' म्हणायचं होतं. उलट सगळे म्हणाले असते, बघा, मास्तरांचं मन किती मोठं. आणि चूक दाखवावी, तर आणखी एक खुसपट म्हणून लोक हसणार. त्यांना गप्प करायचं तर चूक माझी म्हणून कबूल करणं भाग. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खोटं कशाला सांगा, हा विचार त्यांनी चांगला अर्धा तास केला, आणि तो त्यांना गोड लागला.

'मंजूर'वर बोट ठेवण्याआधी त्यांनी जुन्या आवृत्त्यांखालची चर्चा चाळली. ती कोणी कधी उघडत नाही. कुठे कोणाला संशय आलाय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तिसऱ्या आवृत्तीखाली तिचा प्रश्न होता. 'हा क्रम उलटा हवा ना? किल्ली आधी काढायला हवी असं मला वाटतं.' त्याखाली मास्तरांचं उत्तर, 'अकरा वर्षं चालतंय. हात लावू नकोस.'

तिला दिसलं होतं. त्यांना तो प्रश्न आठवतही नव्हता, कारण त्यांनी तो नीट वाचलाच नव्हता. कोणाचा आहे तेवढं बघितलं होतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, पोटातल्या दुखण्यापेक्षा जास्त.

त्यांनी शेरा खोडून नवा लिहिला, ऐंशी लोक वाचतात त्या जागी. 'पाचव्या भागात क्रम चुकला आहे. चूक माझी, अकरा वर्षांपूर्वीची. हिने तिसऱ्या आवृत्तीत विचारलं होतं, मी तिला गप्प केलं. तिचं बरोबर होतं.' पाठवलं, आणि जेवायला गेले.

चार वाजता दहावी आवृत्ती तयार झाली, चाचण्यांसकट. पाठवण्याआधी नवी स्वतः त्यांच्या टेबलाशी आली. पहिल्यांदाच. दुरुस्ती केली की मूळ चूक कोणाची होती ते शेवटी नोंदवायचं, असा तिथला नियम होता.

"मास्तर, ती शेवटची ओळ गाळू का?" तिने हळू आवाजात विचारलं. "कोणी विचारणार नाही."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. यातही ही माझ्यापेक्षा वरचढ, असं त्यांच्या मनात आलंच. हेवा काही गेला नव्हता.

"लिही," ते म्हणाले. "नाव पूर्ण लिही."

तिने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं आणि पाठवलं. मास्तरांनी एकदा वाचून 'मंजूर' दाबलं. त्यांच्या चारशे ओळी लाल झाल्या आणि निघून गेल्या. एकोणीस वर्षं सांभाळलेल्या त्या भागातल्या युक्तीत आता त्यांचं नाव एकाच जागी राहिलं होतं, 'मूळ चूक' या शब्दांपुढे, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट.